पगाराआधीचे प्रश्न

1884 च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरली. सभा बोलावली होती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक. त्याआधी काही काळ त्यांनी गिरणीतच स्टोअरकीपर म्हणून काम केलं होतं, त्यामुळे खात्याखात्यातली हकिगत त्यांना आतून माहीत होती. सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे कामगारांचं म्हणणं मांडायचं होतं. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला आणि अर्जात मागण्या होत्या पाच. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्य मावळताना थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. काम करताना कुणी जायबंदी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या यादीत पगारवाढ नाही. पगार पुरत होता म्हणून ती गाळली असेल, असं मुळीच नाही. चाळीच्या एकेका खोलीत किती माणसं राहत होती, ते जगजाहीर आहे. तरीही शहरातल्या या गरीब कामगारांनी सरकारपुढे जायची संधी मिळाल्यावर जे मागितलं, ते होतं वेळ, विसावा, ठरलेली तारीख आणि मोडलेल्या हातापायांची जबाबदारी. नोकरीत ज्याच्यावाचून चालणारच नाही, ते त्यांनी आधी वेगळं काढलं होतं. नोकरी बदलू पाहणाऱ्या आजच्या मराठी माणसाला मला हेच सांगायचं आहे, की पगाराचा आकडा ठरवण्याआधी ही यादी ठरवा. आणि ती मुलाखतीला जाण्याआधी ठरवा, ऑफर हातात आल्यावर नव्हे.

या लेखासाठी पुणे, चाकण, ठाणे, ऐरोली भागातल्या नोकरी बदललेल्या किंवा बदलू पाहणाऱ्या बऱ्याच जणांशी बोलले. पुढच्या नोकरीत काय हवं, या प्रश्नाला पहिलं उत्तर जवळजवळ प्रत्येकाकडून टक्क्यात आलं. तीस टक्के हाईक, चाळीस टक्के हाईक. मग विचारलं, आधीची नोकरी का सोडली? तेव्हा टक्के नाहीसे झाले. रात्री अकराला येणारे फोन, शनिवारी सकाळी लागणारी मीटिंग, आई दवाखान्यात असताना नाकारलेली रजा, तीन महिने रखडलेला पगार, घरापासून दोन तासांवर गेलेलं ऑफिस, अशी एकेक गोष्ट बाहेर आली. सोडताना जे कारण असतं ते शोधताना विसरलं जातं, आणि म्हणून दोन वर्षांनी माणूस पुन्हा त्याच कारणासाठी नोकरी सोडतो. या फेऱ्यात अडकलेली माणसं हुशार आहेत, कामसू आहेत. त्यांनी आपलीच जुनी तक्रार कागदावर उतरवलेली नाही, एवढंच.

आधी वेळेचं पाहू, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच मोडतात.

गिरण्या पूर्वी उजेडाच्या हिशोबानं चालत. विजेचे दिवे नव्हते तोवर अंधार पडला की काम थांबवावंच लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत वीज आली आणि दिवस लांबला. चौदा-पंधरा तास साचे चालू राहू लागले. माणसाचं काम आवरायला जी नैसर्गिक वेळ होती, ती एका सोयीनं पुसून टाकली. प्रौढ पुरुषांच्या तासांवर कापड गिरण्यांपुरती बारा तासांची पहिली मर्यादा आली ती 1911 च्या कायद्यानं. आज लॅपटॉप घरी येतो आणि फोन उशाशी असतो, तेव्हा हाच इतिहास आपल्या घरात चालू असतो. कायद्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे. पण हजेरीच्या यंत्रावर न उमटणारे तास कुणी मोजत नाही. ते मोजायचे असतील तर आपणच मोजायला हवेत, आणि त्यात प्रवासही धरायला हवा.

हिंजवडीत टेस्टिंगचं काम करणाऱ्या एका बाईंनी तो धरला. राहायला कोथरूड. कंपनी सांगते नऊ तास. वाकडचा पूल, पाऊस आणि बस धरून दिवस होतो बारा तासांचा. मुलगी पहिलीत गेली तेव्हा त्यांनी ठरवलं, पुढची नोकरी अशी हवी की आठवड्यातले निदान तीन दिवस संध्याकाळी सातच्या आत घरात पाऊल पडेल. पगाराचं नंतर बघू. त्यांना आलेल्या तीन ऑफर्सपैकी सगळ्यात मोठी त्यांनी याच एका कारणासाठी नाकारली. घरात आठवडाभर अबोला होता, असं त्या म्हणाल्या. आता त्या बाणेरला एका लहान कंपनीत आहेत, पगार आधीपेक्षा थोडाच जास्त, आणि सोमवार ते बुधवार मुलीचा अभ्यास त्याच घेतात. मला हा निर्णय पूर्णपणे बरोबर वाटतो. रविवारसाठी लोखंडे सहा वर्षं झगडले. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेनं साप्ताहिक सुट्टी मान्य केली. ज्या राज्याच्या राजधानीत माणसांनी एक दिवस असा झगडून मिळवला, त्या राज्यात संध्याकाळ मागताना कुणी ओशाळू नये.

चाकणची गोष्ट वेगळी आहे. तिथे बीड, परभणी, नांदेडकडून आलेली आयटीआय झालेली मुलं कॉट बेसिसवर राहतात आणि ठेकेदारामार्फत किंवा ट्रेनी म्हणून कामाला लागतात. सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरी कंपनी. त्यांच्याकडे अटी घालण्याची ताकद कुठून येणार, असं मलाही बोलायला जाईपर्यंत वाटत होतं. पण त्यांच्याइतका नेमका विचार मला कुठल्याच एसी ऑफिसात दिसला नाही. एका मुलानं सरळ हिशोब मांडला. हजार रुपये कमी चालतील, पण कँटीन हवं आणि कंपनीची बस हवी. कारण बाहेर खाल्लं की महिन्याला त्याच्या दुपटीहून जास्त जातात, आणि रात्रपाळी संपल्यावर हायवेला उभं राहून मिळेल त्या टेम्पोत बसावं लागतं. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्याची अट होती पीएफची. गावाकडे बहिणीचं लग्न आहे, हातातला पैसा राहत नाही, पीएफचा राहतो. दोघांनीही या अटींवर एकेक काम सोडलं होतं. हातात फार पर्याय नसतानाही एक अट पाळता येते, आणि ती एक पाळल्यानं महिना बदलतो, हे ही मुलं दाखवून देतात.

या मुलांनी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत. आपण कागदावर नेमके कोण आहोत? ॲप्रेंटिस म्हणून घेतलेला मुलगा कायद्यानं प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे; त्याला स्टायपेंड मिळतो, पण पीएफ आणि कामगार कायद्यांची बरीचशी संरक्षणं मिळत नाहीत. ठेकेदाराचा कामगार हा ठेकेदाराचा, ज्या कंपनीचा गणवेश तो घालतो तिचा नव्हे. ठराविक मुदतीच्या करारावर कंपनीनं थेट घेतलेला कामगार या दोघांहून वेगळा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या, आणि अशा मुदतीच्या कामगाराला पाच वर्षं न थांबता एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. नियुक्तिपत्र देणंही बंधनकारक झालं. एकाच लाइनवर, एकाच मशिनवर शेजारी उभ्या असलेल्या तीन मुलांचे हक्क तीन प्रकारचे असतात. त्यामुळे ‘कंपनी मोठी आहे का’ यापेक्षा ‘माझ्या नियुक्तिपत्रावर सही कुणाची आहे’ हा प्रश्न त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे.

लोखंड्यांच्या यादीतल्या चौथ्या मागणीकडे परत जाऊ या, पगाराच्या तारखेकडे. गिरण्यांत पगार मुद्दाम मागे ठेवला जाई. महिना संपला तरी कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे मालकाकडे अडकलेले असत, आणि न सांगता सोडून गेलेल्याचे ते बुडत. तोवर घर चालायचं वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. पगार मागे ठेवला की माणूस जागेवर राहतो, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला 1936 मध्ये, म्हणजे सुपारीबागेतल्या सभेनंतर बावन्न वर्षांनी. आता मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हावा, असं कायदा सांगतो. नोकरी सोडणाऱ्याचा पगाराचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा, असं नव्या वेतन संहितेत आहे.

माणूस अडकवून ठेवण्याच्या रीती मात्र संपलेल्या नाहीत. आयटीत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो, आणि नव्वद दिवसांची नोटीस लावणारीच कंपनी जाहिरातीत ‘इमिजिएट जॉइनर’ मागते. बाँड आहेतच. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षं पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, तेव्हा अटीप्रमाणे त्याला दोन लाख रुपये भरावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 14 मे 2025 च्या निकालात न्यायालयानं ती अट वैध ठरवली. म्हणजे बाँडला काही अर्थ नसतो, हे मित्रांकडून ऐकलेलं वाक्य विसरून जावं. सही करण्याआधी रक्कम वाचावी, मुदत वाचावी, आणि आपल्या यादीत एक ओळ लिहावी की मला इथून किती दिवसांत आणि किती पैशांत बाहेर पडता येईल. नोकरीत शिरताना बाहेरचा रस्ता पाहणं अशुभ मानणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला उलट वाटतं. बाहेर पडणं सोपं असलेल्या जागी माणसाला आतही बरी वागणूक मिळते, कारण तो जाऊ शकतो हे वरच्यांना माहीत असतं.

पॅकेजबद्दलही थोडं बोलू, कारण ते टाळता येत नाही. ऑफरमध्ये लिहिलेला सीटीसीचा आकडा आणि खात्यात पडणारी रक्कम यांत मोठं अंतर असतं. त्यात व्हेरिएबल असतो, जो मिळेलच असं नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ताही मोजलेला असतो. नव्या संहितेतल्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे काहींच्या हातात कमी पडेल आणि पीएफ-ग्रॅच्युइटीत जास्त साठेल. दोन ऑफर्स शेजारी ठेवताना दर महिन्याला खात्यात नक्की किती येणार, एवढी एकच रक्कम दोन्हीकडून लेखी घ्यावी. घराचा हप्ता त्यातूनच जाणार आहे.

बायकांची यादी लांब असते आणि ती बोलून दाखवायची चोरी असते. पाळणाघर आहे का, असं मुलाखतीत विचारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते अनेकींनी मला सांगितलं. बहुतेक जणी म्हणूनच विचारत नाहीत आणि नंतर कॉलेजातल्या मैत्रिणीला गाठून माहिती काढतात. मुंबई इलाख्यात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक 1928 मध्ये आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याच्या बाजूनं भाषण केलं होतं, आणि 1929 मध्ये कायदा झाला. हा हक्क शंभर वर्षांच्या घरात पोचलेला आहे. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय करणं कायद्यानं बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता यावं, हेही कायद्यातच आहे.

एक तांत्रिक गोष्ट मात्र प्रत्येक मुलीनं लक्षात ठेवावी. रजेच्या हक्कासाठी बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. मूल होऊ देण्याचा विचार असताना नोकरी बदलायची असेल तर हे दिवस आधी मोजावेत. ठाण्यातल्या एका लेखापाल बाईंनी ते मोजले आणि नवीन नोकरी चार महिने अलीकडे घेतली. त्यांच्या यादीत वरची ओळ तीच होती, आणि त्यांनी ती सासरी किंवा माहेरी कुणालाही सांगितली नव्हती.

पुरुषांनीही घरातल्या जबाबदाऱ्या यादीत लिहायला हव्यात. म्हाताऱ्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं आणि मुलगा रोटेशनल शिफ्ट घेऊन बसतो, मग सुनेच्या सगळ्या रजा त्यात जातात. अशी घरं मी पाहिली आहेत. नोकरी एकाची असली तरी तिची किंमत घरातले सगळे भरतात, म्हणून यादी करताना घरातल्यांना सोबत बसवावं.

आपल्या घरांत ही यादी करण्याची सवय का नाही, याचा विचार करताना मला 1982 आठवतं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपामागे बदली कामगारांचाही प्रश्न होता. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभे राहत. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं असं उभं राहिलेली माणसं होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग-परळपासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्यातल्या गावांपर्यंत हजारो घरांची चूल विझत आली. त्या घरांतल्या मुलांनी सिक्युरिटीत, कुरिअरमध्ये, दुकानात मिळेल ते काम धरलं. मिळालंय ते सोडू नको, जास्त बोलू नको, हा सल्ला त्या घरांत अनुभवातून आला आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो आज इंजिनिअर झालेल्या नातवालाही तसाच दिला जातो. त्या नातवाजवळ चार महिन्यांची शिल्लक आहे, हातात कसब आहे, बाजारात मागणी आहे. आजोबांची भीती त्याच्या परिस्थितीला लागू पडत नाही.

यादी कशी करायची, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तीनपेक्षा जास्त गोष्टी लिहू नयेत. दहा अटींची यादी ही इच्छांची यादी होते आणि ती पहिल्याच ऑफरपुढे विरघळते. प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारावं, ही गोष्ट नसेल आणि पगार चाळीस टक्के जास्त असेल तर मी नाही म्हणेन का? उत्तर ‘बघू’ असेल तर ती ओळ खोडावी. उरतं ते खरं. एखाद्याकडे एकच ओळ उरेल, तरी हरकत नाही. कर्ज डोक्यावर आहे आणि पगार हीच पहिली अट आहे, असं प्रामाणिकपणे निघालं तर तेही लिहावं. त्यात कमीपणा नाही. फक्त मग आकडा हवेत सोडू नये. हप्ता, भाडं, शाळेची फी, गावाकडे पाठवायचे पैसे यांची बेरीज करून तो ठरवावा. आणि यादी दर वेळी नव्यानं करावी. पंचविशीत शिकवणारा साहेब हवा असतो, चाळिशीत घराजवळचं ऑफिस, पन्नाशीत आरोग्य विमा.

मुलाखतीत ‘तुमच्याकडे वर्क कल्चर कसं आहे’ असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर सगळीकडे सारखंच मिळतं. नेमकं विचारावं. गेल्या महिन्यात तुमच्या टीमनं किती शनिवार काम केलं? या जागेवर माझ्या आधी कोण होतं, आणि ते का गेले? गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के मिळाला? पगार कुठल्या तारखेला होतो? बाँड आहे का, असला तर किती रकमेचा? हे प्रश्न विचारल्यामुळे हातची नोकरी जाईल, ही भीती मला जवळजवळ सगळ्यांनी सांगितली. बाणेरमधल्या एका एचआर अधिकाऱ्यांना ते विचारलं. ते म्हणाले, शांतपणे नेमकं विचारणारा उमेदवार त्यांना गंभीर वाटतो. अडचण होते ती सगळं तोंडी मान्य करून जॉइन झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुरबुर करणाऱ्याची. आणि साध्या प्रश्नावर जिथे कपाळाला आठ्या पडतात, तिथे पुढे रजा मागताना काय होईल ते त्याच दिवशी कळतं. जे तोंडी कबूल होईल ते ऑफर लेटरमध्ये नसेल तर ईमेल करून विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं.

दिवाळीत पाहुणे येतात आणि फराळाची ताटं हातात असतानाच नोकरदार मुलामुलींना विचारलं जातं, पॅकेज किती? घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे, या वर्षी हा प्रश्न बाजूला ठेवा. घरी किती वाजता पोचतोस, आठवड्याची सुट्टी खरंच मिळते का, पीएफ खात्यात जमा होतो का ते पासबुकात पाहिलंस का, आजारी पडलास तर पगार चालू राहतो का, हे विचारा. आणि उत्तरं ऐकून मुलगा किंवा मुलगी दुसरी नोकरी शोधते म्हणाली, तर तिच्या शेजारी बसून तिला तिच्या तीन ओळी लिहू द्या.